रात्री दहानंतरचं रक्त

दुपारी दोन वाजता बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काहीच नाही. त्याच माणसाचं तेच बोट रात्री अकरा वाजता टोचलं, तर त्या थेंबात वळवळणाऱ्या अळ्या सापडू शकतात. कधी दोन-चार, कधी पन्नासाच्या वर. मधल्या नऊ तासांत त्या माणसाला काही झालेलं नसतं. तो जेवला असेल, अंगणात बाज टाकून आडवा झाला असेल, एवढंच. पण त्याच्या अंगातल्या हजारो अळ्या दिवसभर एका जागी दडून होत्या आणि आता त्वचेजवळच्या रक्तात उतरल्या आहेत. क्युलेक्स जातीचा डास चावायला निघतो तीच ही वेळ.

हत्तीरोग शोधायला निघालेल्या माणसांना त्यामुळे रात्रीच निघावं लागतं. सरकारी कागदांत याला रात्रकालीन रक्त सर्वेक्षण म्हणतात. साडेआठच्या सुमाराला काम सुरू होतं आणि मध्यरात्रीपर्यंत चालतं. पांढुर्णा आणि सौसर या दोन तालुक्यांचा विचार करताना मला ही रात्रीची फेरी फार विलक्षण वाटते. बाहेरच्या जगाला पांढुर्णा माहीत आहे ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत होणाऱ्या गोटमारीमुळे, फार तर संत्र्यांमुळे. सौसर माहीत आहे ते जामसावळीच्या हनुमानामुळे. पण हे दोन तालुके ज्या छिंदवाडा जिल्ह्याचे होते, तो मध्यप्रदेशातल्या हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला आणि सौसर त्यात आलं. त्याला लागून असलेले नागपूर आणि अमरावती, आणि पलीकडचा वर्धा, हे महाराष्ट्राच्या यादीतले. म्हणजे नकाशावर राज्याची रेघ आहे, पण त्या रेघेच्या दोन्ही बाजूंना तोच डास आणि तोच कृमी आहे.

रात्री नऊला दार वाजवून रक्त मागणाऱ्याला घरातली म्हातारी काय म्हणेल, ते या भागातल्या कुणालाही सांगता येईल. ‘एवढ्या राती रगत कायले पायजे बाप्पा?’ प्रश्न रास्त आहे. मलेरियाचं रक्त तर दिवसा घेतात, शुगरचं सकाळी उपाशीपोटी घेतात. मग याचंच असं काय? ‘आजी, हा किडा दिवसा सापडत नाही’ एवढंच उत्तर आरोग्य सेवक देऊ शकतो. ते उत्तर खरं आहे, आणि ते खरं का आहे हे कळायला जगाला जवळपास नव्वद वर्षं लागली.

आधी तो कृमी कोण ते पाहू. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हे त्याचं नाव. वाढलेली मादी आठ ते दहा सेंटिमीटर लांब आणि जाडीला मिलिमीटरचा चौथा हिस्सा. शिवणाच्या पांढऱ्या दोऱ्याचा बोटभर तुकडा म्हणावा तशी. नर तिच्या निम्म्याने. हे जोडपं माणसाच्या लसिकावाहिन्यांत राहतं. शरीरातलं जादा पाणी गोळा करून परत रक्तात सोडणाऱ्या या नाजूक नळ्या. कृमी त्यांत पाच ते आठ वर्षं सुखाने जगतात, नळ्या फुगतात, झडपा निकामी होतात, पाणी साचू लागतं, वरून जिवाणूंचा संसर्ग वारंवार होतो आणि कातडी जाड होत जाते. पाय हत्तीसारखा दिसायला लागतो तोवर बरीच वर्षं उलटलेली असतात. गंमत, म्हणजे खरं तर क्रूर गंमत, अशी की सुजलेल्या पायाच्या माणसाच्या रक्तात पुष्कळदा अळ्या सापडतच नाहीत. आणि ज्याच्या रक्तात त्या खच्चून भरलेल्या असतात, तो धडधाकट असतो. शेतात राबतो, बाजाराला जातो, त्याला काहीही दुखत नाही. रोग पसरतो तो या माणसाकडून. म्हणून रुग्णालयात बसून हा रोग मोजता येत नाही. निरोगी दिसणाऱ्यांच्या दारात जावं लागतं.

मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं सोडते. ती पिल्लं म्हणजे मायक्रोफायलेरिया. लांबी मिलिमीटरच्या पाव भागाहून किंचित जास्त, अंगावर पातळ पारदर्शक वेष्टण. ही रक्तात फिरतात, पण माणसाच्या शरीरात मोठी होऊ शकत नाहीत. सहा महिने ते वर्षभर वाट पाहतात आणि मरतात. त्यांची वाट एकाच गोष्टीची असते: कुणीतरी चावावं आणि आपल्याला घेऊन जावं.

सर्वेक्षणात बोटातून साठ घन मिलिमीटर रक्त घेतात. मोठा एक थेंब. काचपट्टीवर तो जाडसर पसरवून रात्रभर वाळू देतात. दुसऱ्या दिवशी काच साध्या पाण्यात बुडवली की तांबड्या पेशी फुटतात, लाल रंग निघून जातो आणि काच फिकट होते. मग रंजकद्रव्य. भारतातल्या प्रयोगशाळांत गिम्साच्या जोडीने जेएसबी हे रंजक वापरलं जातं. जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी या दोन भारतीयांच्या आद्याक्षरांचं ते नाव, १९४०च्या दशकातलं, स्वस्त आणि आपल्याकडच्या हवेत टिकणारं. रंगवलेल्या काचेवर मायक्रोफायलेरिया दिसतो तो डौलदार वळणं घेतलेल्या जांभळ्या रेघेसारखा. आत केंद्रकांची ठिपक्यांची रांग असते आणि शेपटीचं टोक मात्र रिकामं. ते रिकामं टोक पाहून तंत्रज्ञ ठरवतो की हा बँक्रॉफ्टीच. केरळच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या ब्रुगिया मलायीच्या शेपटीत टोकापाशी दोन ठिपके असतात. मिलिमीटरच्या पाव भागाच्या जीवाची ओळख त्याच्या शेपटीवर ठरते!

इथे थोडा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. प्रौढ माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं, म्हणजे पन्नास लाख घन मिलिमीटर. साठ घन मिलिमीटरच्या काचेवर एक अळी दिसली आणि ती सगळ्या रक्तात सारखी पसरली आहे असं धरलं, तर त्या माणसाच्या अंगात ऐंशी हजारांहून जास्त अळ्या त्या घटकेला फिरत आहेत. एका रेघेमागे ऐंशी हजार. आणि डास एका वेळी पितो दोन-तीन घन मिलिमीटर. म्हणजे आपली एक काचपट्टी ही वीस-तीस डासांच्या जेवणाएवढी. आपल्याला वीस-तीस डासांच्या वाट्यातून एक अळी सापडते आणि डासांना ती दर रात्री, घराघरांत, फुकट मिळत असते.

आता घड्याळाकडे वळू. कोलकात्यात टिमोथी लुइस याने १८७२ मध्ये माणसाच्या रक्तात या अळ्या पाहिल्या. ब्रिस्बेनच्या जोसेफ बँक्रॉफ्टने १८७६ मध्ये वाढलेला कृमी शोधला. पण खरी उडी मारली ती चीनच्या किनाऱ्यावर अमॉयमध्ये डॉक्टरी करणाऱ्या पॅट्रिक मॅन्सनने. १८७७ मध्ये त्याने हिन लो नावाच्या आपल्या बाधित नोकराला डासांच्या जाळीत झोपवलं, सकाळी पोट भरलेले डास पकडले आणि रोज थोडे थोडे चिरून पाहिले. डासाच्या पोटातून अळ्या बाहेर पडत होत्या, छातीच्या स्नायूंत शिरत होत्या, जाड होत होत्या, बदलत होत्या. माणसाचा रोग कीटकाच्या शरीरात वाढतो हे जगात पहिल्यांदा कुणीतरी डोळ्यांनी पाहिलं. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला तो त्यानंतर वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, आणि त्याला डासाकडे बोट दाखवणाराही हाच मॅन्सन.

मॅन्सनने पुढे रात्रंदिवस ठरावीक अंतराने रक्त तपासलं तेव्हा त्याला दिसलं की अळ्या संध्याकाळी येऊ लागतात, मध्यरात्री कळस गाठतात आणि सकाळपर्यंत नाहीशा होतात. रोज. न चुकता. लंडनच्या विद्वानांनी त्याची टर उडवली म्हणतात: या अळ्या खिशात घड्याळ बाळगतात की काय! १८८१ मध्ये स्टीफन मॅकेन्झीने लंडनमध्ये एका रुग्णावर साधा प्रयोग केला. त्याला दिवसा झोपवलं आणि रात्री जागवलं. काही दिवसांतच अळ्यांनी आपला क्रम उलटा केला. आता त्या दिवसा रक्तात येऊ लागल्या. घड्याळ होतं, पण ते बाहेरच्या सूर्याकडे पाहत नव्हतं, माणसाच्या झोपेकडे पाहत होतं.

मला हा प्रयोग सौसरच्या संदर्भात हटकून आठवतो. बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत महिनोन्‌महिने रात्रपाळी करणारा कामगार घ्या. तो दिवसा झोपतो. त्याच्या अंगात कृमी असतील, तर मॅकेन्झीच्या हिशेबाने त्यांची वेळही सरकलेली असणार. त्याच्या सुटीच्या दिवशी रात्री दहाला घेतलेली काच कोरी आली, तर तिच्यावर किती विश्वास ठेवायचा? बागेत रानडुकरांपासून राखण करायला जागलीवर जाणाऱ्या शेतकऱ्याचं तर आणखी वेगळं. तो रात्री घरीच नसतो, त्यामुळे पथक येतं तेव्हा त्याचं बोट यादीतून निसटतं. उघड्यावर रात्र काढणारा, डासांना सर्वांत जास्त सापडणारा माणूस सर्वेक्षणाला मात्र सापडत नाही. रात्रीच्या पाहणीची ही अंगभूत अडचण आहे, आणि ती आकड्यांच्या तक्त्यात कुठेही दिसत नाही.

दिवसा अळ्या जातात कुठे? मॅन्सनलाच त्याचं उत्तर मिळालं, ते एका शवविच्छेदनात. सकाळच्या वेळी मरण पावलेल्या एका बाधित माणसाच्या फुप्फुसांत अळ्यांची गर्दी होती; बाकी अवयवांत तुरळक. दिवसभर त्या फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत ठाण मांडून बसतात. रक्त वेगाने पुढे जात असताना तिथे टिकून राहणं सोपं नाही. त्यासाठी सतत पोहावं लागतं, अंग वळवत राहावं लागतं. रात्री त्या हा जोर सोडतात आणि प्रवाहाबरोबर सगळीकडे वाहत जातात.

पण त्यांना रात्र झाली हे कसं कळतं? हे कोडं सोडवलं ते विसाव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या फ्रँक हॉकिंग या परजीवीशास्त्रज्ञाने. आडनाव ओळखीचं वाटलं असेल, तर बरोबर आहे: विश्वाच्या आरंभाचं कोडं सोडवू पाहणाऱ्या स्टीफन हॉकिंगचे हे वडील. मुलगा कृष्णविवरांच्या मागे गेला, बापाने आयुष्याची कित्येक वर्षं या अळ्यांच्या वेळापत्रकात घातली. फ्रँक हॉकिंगच्या लक्षात आलं की अळ्या प्राणवायूचा अंदाज घेतात. फुप्फुसात शिरणारं रक्त आणि फुप्फुसातून निघणारं रक्त यांतल्या प्राणवायूच्या दाबात फरक असतो. आपण जागे असताना तो फरक जास्त, झोपेत कमी. फरक मोठा असेल तोवर अळ्या फुप्फुसात अडून बसतात. कमी झाला की सुटतात. रात्री बाधित माणसाला नळीने प्राणवायू हुंगायला दिला, तर बोटातल्या रक्तातल्या अळ्या घटतात, म्हणजे त्या फसतात आणि दिवस उगवला असं समजून माघारी जातात. मला तर हे वाचून त्या अळ्यांबद्दल क्षणभर जिव्हाळाच वाटला होता.

यातला सर्वांत थक्क करणारा भाग पुढेच आहे. हे वेळापत्रक सगळीकडे एक नाही. प्रशांत महासागरातल्या पॉलिनेशियाच्या बेटांवर हाच कृमी दिवसा चावणाऱ्या एडिस डासांमार्फत पसरतो, आणि तिथल्या अळ्यांची संख्या दिवसा जास्त असते. इतकं लांब जायलाही नको. आपल्याच निकोबार बेटांवर दिवसा चावणाऱ्या एडिस डासाशी जुळवून घेतलेला बँक्रॉफ्टीचा प्रकार आहे. तिथे रात्रीची पाहणी करण्याचं कारण उरत नाही. आफ्रिकेतला लोआ लोआ हा कृमी दिवसा चावणाऱ्या माशीवर अवलंबून, म्हणून त्याच्या अळ्या भर दिवसा रक्तात. ज्या भागात डासाची जी वेळ, ती तिथल्या अळीची वेळ. पिढ्यानपिढ्या ज्या अळ्या चुकीच्या वेळी पृष्ठभागावर आल्या, त्यांना न्यायला कुणी आलं नाही, त्यांचा वंश थांबला. उरल्या त्या वेळ पाळणाऱ्या. पांढुर्ण्याच्या आजीला दार उघडायला लावणारी ती नऊची वेळ अशी हजारो वर्षांच्या निवडीतून ठरलेली आहे.

क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस हा आपल्याकडचा तो डास. तपकिरी, साधा, रात्री कानाशी भुणभुणणारा. मलेरियाचे अ‍ॅनोफेलिस ओढ्याच्या, कालव्याच्या बऱ्यापैकी स्वच्छ पाण्यात वाढतात. क्युलेक्सला घाण पाणी लागतं: तुंबलेली नाली, शोषखड्डा, झाकण फुटलेली सेप्टिक टाकी. सुश्रुतसंहितेत या रोगाला श्लीपद म्हटलं आहे आणि जिथे जुनं पाणी साठून राहतं, जिथली हवा सगळ्या ऋतूंत थंड असते अशा प्रदेशांत तो होतो असं निरीक्षण आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत आहे. डासाचा पत्ता नसताना पाण्याचा पत्ता त्यांनी बरोबर लावला होता.

डासांच्या पाहणीची पद्धतही ऐकण्यासारखी. पहाटे, माणसं उठायच्या सुमाराला, कीटक समाहारक हातात टॉर्च आणि तोंडात रबरी नळी धरून घरात शिरतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला काचेची नळी. खुंटीवरच्या कपड्यांच्या मागे, खाटेखाली, देवघराच्या कोपऱ्यात, रात्रभर रक्त पिऊन सुस्त झालेल्या माद्या बसलेल्या असतात. एकेक हलकेच ओढून घ्यायची. एका माणसाने एका तासात किती डास पकडले, हे माप. कागदांत त्याला माणशी ताशी घनता म्हणतात. डास मोजायला माणूस आणि तास ही एककं वापरणं विनोदी वाटतं, पण गेली कित्येक दशकं देशभरात हेच माप चाललं आहे आणि वर्षानुवर्षांची तुलना त्यावरच होते. मग प्रयोगशाळेत मिठाच्या पाण्याच्या थेंबात, दोन सुयांनी, डासाचं डोकं, छाती आणि पोट वेगळं करायचं आणि प्रत्येकात अळी शोधायची. पोटात सापडली तर नुकतीच आलेली. छातीत आखूड, जाड झालेली सापडली तर मधल्या टप्प्यात. डोक्यात किंवा सोंडेत लांब, चपळ सापडली तर हा डास पुढच्या चाव्यात कुणाला तरी देणार. चिरलेल्या शंभर डासांत पोटात-छातीत अळी असलेले किती आणि सोंडेत अळी असलेले किती, या दोन आकड्यांमधली दरी मोठी असते.

ती दरी का? अळीला डासात तयार व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, आणि तेवढे दिवस फार थोडे डास जगतात. शिवाय अळ्या खूप झाल्या तर डासच मरतो. मलेरियाचा जंतू डासात हजारपटींनी वाढतो. हत्तीरोगाची अळी अजिबात वाढत नाही. दोन गेल्या तर फार तर दोनच निघतात. त्यातही डास अळी टोचत नाही! सोंडेतून अळी त्वचेवर उतरते आणि चाव्याच्या छिद्रातून स्वतः आत शिरते. कातडी कोरडी असेल तर तिथेच सुकून मरते. आत गेलेल्यांपैकी नर आणि मादी दोन्ही एकाच माणसात, एकमेकांना सापडतील अशा जागी वाढले पाहिजेत. १९६०च्या दशकात रंगूनमध्ये हेअरस्टन आणि डी मेयॉन या संशोधकांनी हिशेब मांडला: एका माणसाच्या रक्तात अळ्या दिसू लागायला सोंडेत तयार अळी असलेल्या डासांचे सरासरी साडेपंधरा हजार चावे लागतात. एवढा कमकुवत, एवढा गळका मार्ग! आणि तरीही या कृमीने हजारो वर्षं काढली. रोज रात्री, वर्षानुवर्षं, त्याच घरात, त्याच नालीशेजारी चावे बसत राहिले तरच हा रोग टिकतो. म्हणून चार दिवस पाहुणा आलेल्याला तो बहुधा होत नाही.

याच गळक्या मार्गामुळे त्याला संपवण्याची आशाही आहे. भारताने राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम १९५५ मध्ये सुरू केला. त्या वर्षी पांढुर्णा, सौसर आणि नागपूर एकाच राज्यात होते: जुना मध्यप्रदेश, राजधानी नागपूर. पुढच्या वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची फेररचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा भोपाळच्या मध्यप्रदेशात राहिला. घरातली मराठी राहिली, नातीगोती नागपूर-काटोलकडे राहिली, संत्री नागपूरच्या बाजारात जात राहिली. पण काचपट्ट्यांचे अहवाल तेव्हापासून दोन वेगळ्या राजधान्यांना जातात. महाराष्ट्रात या कामासाठी हत्तीरोग नियंत्रण पथकं आणि रात्र चिकित्सालयं आहेत. संध्याकाळी दवाखाने बंद होताना उघडणारा हा दवाखाना मला सरकारी व्यवस्थेतली सर्वांत शहाणी कल्पना वाटते. कृमीच्या वेळेप्रमाणे कचेरीची वेळ बदलणारं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही.

वर्ध्याकडे, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत, डॉ. बी. सी. हरिनाथ यांच्या चमूने कित्येक दशकं वेगळ्याच दिशेने काम केलं: अळी शोधण्याऐवजी कृमीने रक्तात सोडलेले पदार्थ आणि त्यांच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधायची. वाढलेला कृमी दिवसरात्र रक्तात काहीबाही सोडत असतो. त्याला वेळापत्रक नाही. आज जगभर वापरली जाणारी चाचणीपट्टी याच तत्त्वावर चालते. बोटातून पंचाहत्तर घन मिलिमीटर रक्त, दहा मिनिटं, एक गुलाबी रेघ की दोन, एवढंच. भर दुपारी, शाळेत. दिवसा अळ्या बाहेर काढायची एक युक्ती आणखी आहे. डीईसी या औषधाची छोटी मात्रा दिली की तासाभरात दडलेल्या अळ्या रक्तात उतरतात. पण रात्रीच्या थेंबाची सर तिला येत नाही.

मग रात्रीचा त्रास कशाला? कारण पट्टी सांगते कृमी आहे. काच सांगते की तो आज डासाला अळ्या देऊ शकतो. पट्टीवर रेघ येणाऱ्याच्या अंगात एकटी मादी असेल, म्हातारी असेल, औषधाने वांझ झालेली असेल. गावाला धोका आहे की नाही ते काचच सांगते.

धोका असलेल्या भागात मग सामुदायिक औषधोपचार होतो: गावातल्या सगळ्यांना, आजारी असो नसो, वर्षातून एकदा गोळ्या खाऊ घालतात. अगदी लहान मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी वगळून. भारतात हे देशव्यापी रूपात २००४ पासून. डीईसीच्या गोळ्या अळ्यांना मारतात, कृमीला मात्र पुरत्या नाहीत. म्हणून किमान पाच वर्षं, दरवर्षी, निदान ६५ टक्के लोकांनी खाल्ल्या पाहिजेत. हे पाच वर्षांचं गणित कुणा अधिकाऱ्याने ठरवलेलं नाही, कृमीच्या आयुष्याने ठरवलेलं आहे: तो मरेपर्यंत त्याच्या पिल्लांना डासापासून दूर ठेवायचं. २०१८ च्या अखेरीस बिहारच्या अरवलमध्ये आणि २०१९ च्या आरंभी आपल्या नागपूर जिल्ह्यात तीन औषधांचा नवा एकत्रित डोस सुरू झाला. आयव्हरमेक्टिन, डीईसी, अल्बेंडाझोल. याने अळ्या बराच काळ परतत नाहीत, त्यामुळे फेऱ्या कमी लागतात.

आणि मग सुरू होते पाहणीची सर्वांत अवघड पायरी. रोग भरपूर असतो तेव्हा तो शोधणं सोपं. तो संपत आला की नसणं सिद्ध करावं लागतं. नियम असा की निवडलेल्या ठिकाणी तीनशे ते पाचशे लोकांच्या काचा घ्यायच्या आणि अळ्या असलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली हवं. तीनशे काचांत तीन म्हणजे काठावर. दोनशे सत्त्याण्णव कोऱ्या काचा डोळे फोडून पाहायच्या आणि त्या तीन निसटू द्यायच्या नाहीत. ते पार पडलं की सहा-सात वर्षांच्या मुलांकडे वळतात. साधारण १,५०० ते १,७०० मुलांच्या बोटांतून रक्त, आणि त्यांत १८-२० हून जास्त पट्ट्यांवर दोन रेघा येता कामा नयेत. मुलंच का? कारण मोठ्यांच्या अंगातला कृमी गोळ्यांच्या फेऱ्यांच्या आधीचा असू शकतो. पण पहिलीतल्या मुलीचं जवळपास सगळं आयुष्य त्या फेऱ्यांच्या काळातलं. तिच्या रक्तात कृमीची खूण सापडली, तर तो या सहा-सात वर्षांतलाच, आणि याचा अर्थ कुठेतरी अजून साखळी चालू आहे.

आता डासालाच साक्षीला बोलावतात. कुजलेल्या गवताचं दुर्गंधी पाणी भरलेल्या टोपल्यात पंखा लावून सापळा मांडला की अंडी घालायला आलेल्या क्युलेक्स माद्या त्यात अडकतात. अंडी घालायला आलेली मादी म्हणजे आधी रक्त प्यालेली मादी. पंचवीस-पंचवीस डास एकत्र वाटून त्यांत कृमीचा डीएनए शोधतात. कुणाला टोचायचं नाही, रात्री दार वाजवायचं नाही. जागलीवरचा शेतकरी आणि रात्रपाळीचा कामगार दोघेही यात आपोआप येतात, कारण डास त्यांनाही चावलेला असतो. ज्याचं बोट पथकाला सापडलं नाही, त्याचं रक्त असं सापडतं.

काच बाधित निघाली, तर त्या माणसाला बारा दिवस डीईसी, वजनाप्रमाणे, जेवणानंतर. पहिल्या एक-दोन दिवसांत पुष्कळांना ताप येतो, अंग दुखतं, मळमळतं, आणि मग गावात गोळीबद्दल कुजबूज सुरू होते. ताप येतो तो हजारो अळ्या एकदम मेल्यामुळे. ज्याच्या रक्तात अळ्या नाहीत त्याला तीच गोळी सहसा काही करत नाही. हे आशाताईने आधीच सांगितलं असेल, तर तापात पडलेला माणूसही दुसऱ्या दिवशीची गोळी घेतो. नसेल सांगितलं, तर पुढच्या वर्षी त्या गल्लीत दारं उघडत नाहीत, ना गोळीसाठी, ना रात्रीच्या थेंबासाठी.